तालुक्यात दिलेलं इंजेक्शन फुकट गेलं का?

प्रश्न थोडक्यात असा: वडील सुरगाणा तालुक्यातल्या एका गावात राहतात, वय ५८, शेती करतात. पहाटे पाचला छातीत कळ आली, दरदरून घाम सुटला. आधी ओवा झाला, सोडा झाला, मग शेजाऱ्याच्या जीपमधून सव्वासातला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे ईसीजी काढून ‘मोठा अटॅक आहे’ असं सांगितलं, पावणेआठच्या आत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं आणि १०८च्या गाडीने नाशिकला पाठवलं. वाटेतच कळ थांबली. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली, एक स्टेंट टाकला. आता नाशिकचे मामा म्हणतात, ‘तिथे इंजेक्शनात वेळ घालवला, थेट इकडे आणायचं. शेवटी प्लास्टी करावीच लागली ना?’ इंजेक्शन स्वस्तातलं होतं का, हिरड्यांतून रक्त का आलं, आणि असं इंजेक्शन घरी आणून ठेवता येईल का, हेही विचारलं आहे.

मी नाशिकला कार्डिअॅक आयसीयूत काम करते. सुरगाणा, पेठ, कळवण, नांदगावकडून चिठ्ठी घेऊन आलेले पेशंट रोज बघते, आणि पेशंटबरोबर मामाही येतातच. तेव्हा आधी मामांचं बघू.

मामा नाशिकच्या घड्याळाने हिशोब करतायत. त्यांच्या घरापासून कॅथलॅब, म्हणजे नळी घालून हृदयाची शीर उघडायची खोली, पंधरा मिनिटांवर असेल. सुरगाण्याहून बोरगाव, वणी, दिंडोरी करत नाशिक गाठायला दोन ते अडीच तास लागतात, पावसाळ्यात धुकं असेल तर जास्तच. सव्वासातला ईसीजी झाला आणि तसंच गाडीत घातलं असतं, तर पावणेदहा-दहाला हॉस्पिटलचं दार. लोक तिथेच घड्याळ थांबवतात. पण दार गाठल्याने शीर उघडत नाही. पुन्हा ईसीजी, रक्त तपासायला देणं, घरच्यांची सही, योजनेचे कागद, कॅथलॅबच्या टीमची जमवाजमव, मनगटातून किंवा जांघेतून नळी घालणं, आणि मग ती बारीक तार गुठळीतून पलीकडे जाणं. हे सगळं सुरळीत झालं तरी पाऊण-एक तास जातो. म्हणजे शीर उघडली असती साधारण पावणेअकराला. पहाटे पाचच्या कळेपासून पावणेसहा तास. इंजेक्शन सात चाळीसला गेलं असेल तर ते लागू पडल्यावर साडेआठच्या सुमारास रक्त पुन्हा वाहायला लागलं असणार. मधले दोन तास हृदयाच्या स्नायूचे वाचले.

जगभरात यासाठी पाळला जाणारा नियम सरळ आहे. ईसीजीवर अटॅक पक्का झाल्यापासून तार गुठळीपार जाईपर्यंत १२० मिनिटांपेक्षा कमी वेळ लागणार असेल तर थेट अँजिओप्लास्टी (मामांची ‘प्लास्टी’, म्हणजे फुगा-स्टेंट घालून शीर उघडणं). त्याहून जास्त लागणार असेल आणि कळ सुरू होऊन १२ तास उलटले नसतील, तर आहे तिथेच इंजेक्शन, तेही निदान झाल्यापासून शक्यतो दहा मिनिटांत, आणि मग लगेच गाडी. सिन्नर, दिंडोरी, ओझर, त्र्यंबकेश्वरच्या माणसाला मी थेट नाशिकला या म्हणेन. सुरगाणा, पेठचा दूरचा भाग, बागलाणचा पश्चिम भाग इथल्या माणसाला म्हणेन, जवळ जिथे ईसीजी आणि इंजेक्शन आहे तिथे आधी जा. शहरातल्यांनाही एक सांगते. ‘२४ तास कॅथलॅब’ अशी पाटी असते, पण रात्री दोनला टेक्निशियन आणि सिस्टर घरून यायच्या असतात. तो वेळ धरूनच १२० मिनिटं मोजायची. नाशिकच्या द्वारका चौकात अडकलेली अॅम्ब्युलन्सही त्यातच धरा.

वेळेचा एवढा आग्रह का? हृदयाच्या शिरेत चरबीचा थर असतो, त्याला एके दिवशी तडा जातो. तिथे आधी रक्तातल्या प्लेटलेट चिकटतात, त्यांच्यावर फायब्रिन या धाग्यासारख्या प्रथिनाचं जाळं विणलं जातं आणि शीर पूर्ण बंद होते. पुढचा स्नायू एकदम मरत नाही. ठिबकची नळी मध्येच तुंबली की टोकाची झाडं आधी माना टाकतात, तसा हृदयाच्या भिंतीचा सगळ्यात आतला थर आधी जातो, आणि मग तासातासाने मरणाची हद्द बाहेर सरकत येते. पहिल्या दोन-तीन तासांत शीर उघडली तर बराचसा स्नायू हाती लागतो. बारा तासांनी उघडली तर शीर दिसायला छान, पण पलीकडे वाचवण्यासारखं फार थोडं उरलेलं. इंजेक्शनच्या जुन्या मोठ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा हेच दिसलं. सहा तासांच्या आत इंजेक्शन मिळालेल्या दर हजार पेशंटमागे सुमारे ३० जीव जास्त वाचले, सात ते बारा तासांत मिळालेल्यांत सुमारे २०. आणि पहिल्या तासाचाच वेगळा हिशोब मांडला तेव्हा आकडा ६५च्या आसपास गेला. औषध तेच होतं.

आता इंजेक्शनकडे येते. यातलं कुठलंही औषध स्वतः गुठळी खात नाही. आपल्या रक्तात प्लाझमिनोजेन नावाचं प्रथिन झोपलेलं असतं. औषध त्याला उठवतं, त्याचं प्लाझमिन होतं, आणि हे प्लाझमिन फायब्रिनचं जाळं कापतं. फरक आहे तो उठवायच्या पद्धतीत.

सगळ्यात जुनं स्ट्रेप्टोकायनेज, आमच्या सिस्टर ज्याला नुसतं ‘स्ट्रेप्टो’ म्हणतात. घसा धरणारे जे स्ट्रेप्टोकोकस जंतू, त्यांच्यापासून मिळणारा हा पदार्थ अमेरिकेतल्या विल्यम टिलेट यांनी १९३३ मध्ये दाखवून दिला. हृदयविकारात त्याचं खरं वजन कळलं ते १९८६ मध्ये, इटलीत. जवळजवळ बारा हजार पेशंटांच्या चाचणीत तीन आठवड्यांतले मृत्यू १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले. दोन वर्षांनी १७,१८७ पेशंटांच्या दुसऱ्या चाचणीत तर गंमतच झाली. नुसतं स्ट्रेप्टो दिलं तर मृत्यू साधारण चौथ्या हिश्शाने कमी झाले, नुसती अॅस्पिरीनची गोळी दिली तरी जवळजवळ तेवढेच, आणि दोन्ही दिलं तर ४२ टक्क्यांनी. ज्यांना दोन्हीतलं काहीच मिळालं नव्हतं त्यांच्यात पाच आठवड्यांत १३.२ टक्के गेले, दोन्ही मिळालेल्यांत ८ टक्के. काही पैशांची ती गोळी तेव्हापासून प्रत्येक अटॅकच्या पेशंटच्या तोंडात आधी जाते.

स्ट्रेप्टो १५ लाख युनिट, सलाईनमधून, अर्ध्या ते एक तासात. ते रक्तभर सगळीकडचं प्लाझमिनोजेन उठवतं, गुठळीजवळचं कोणतं आणि लांबचं कोणतं हे त्याला कळत नाही. चालू असताना बीपी पडतं, म्हणून सिस्टर पलंगाजवळून हलत नाही. बीपी पडलं की पाय वर करायचे, थेंब हळू करायचे, सावरलं की पुन्हा वेग वाढवायचा. काहींना थंडी वाजते, अंगावर पित्त उठतं. आणि जंतूचं प्रथिन असल्याने शरीर त्याला ओळखून ठेवतं, प्रतिपिंडं तयार होतात आणि ती काही वर्षं टिकतात. त्यामुळे एकदा दिलेलं स्ट्रेप्टो पुन्हा देत नाहीत. तुमच्या वडिलांना हेच दिलं असेल तर फाईलच्या पहिल्या पानावर तारखेसकट ठळक लिहून ठेवा.

दुसरी जात म्हणजे शरीरात मुळातच असणाऱ्या टीपीए या पदार्थासारखी बनवलेली औषधं: अल्टेप्लेज, रेटेप्लेज, टेनेक्टेप्लेज. ही फायब्रिनला धरून काम करतात, म्हणजे बहुतेक गुठळीपाशीच. १९९३ मध्ये ४१ हजार पेशंटांवर झालेल्या तुलनेत अल्टेप्लेजने महिन्याभरातले मृत्यू ६.३ टक्के होते, स्ट्रेप्टोने ७.३च्या आसपास. त्याच चाचणीतल्या ज्यांची दीड तासाने अँजिओग्राफी केली त्यांच्यात अल्टेप्लेजने निम्म्याहून जास्त शिरा पूर्ण वेगाने वाहत होत्या, स्ट्रेप्टोने जेमतेम तीनातली एक. टेनेक्टेप्लेज हा अल्टेप्लेजचाच तीन ठिकाणी बदल केलेला भाऊ. तो रक्तात जास्त वेळ टिकतो म्हणून एकाच दमात, पाच-दहा सेकंदांत देता येतो. परिणाम अल्टेप्लेजइतकाच, आणि मेंदू सोडून इतर ठिकाणचा रक्तस्राव थोडा कमी. भारतात ते पुण्यातच तयार होतं, तरी स्ट्रेप्टोच्या कितीतरी पट महाग आहे.

तालुक्याच्या ठिकाणी टेनेक्टेप्लेज का सोयीचं, हे द्यायची रीत पाहिली की कळतं. कुपीत पांढरी पूड असते. बरोबरचं पाणी त्यात सोडायचं आणि कुपी हळूहळू गोल फिरवायची. हलवायची नाही, फेस येतो. हाताला आधीच डेक्स्ट्रोजची, म्हणजे ग्लुकोजची, बाटली लावलेली असेल, आणि आपल्याकडे ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून ती लावलेली असतेच, तर नळी आधी साध्या सलाईनने धुवून घ्यायची. डेक्स्ट्रोजमध्ये हे औषध साकळतं. डोस वजनावर: ६० किलोच्या खाली ३० मिलिग्रॅम, पुढे दर दहा किलोला ५ मिलिग्रॅम जास्त, ९० किलो आणि वर ५० मिलिग्रॅम. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना अर्धा डोस. म्हणून सिस्टर वजन विचारते तेव्हा ‘असेल साठ-सत्तर’ असं मोघम सांगू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं वजन माहीत असू द्या.

तर ‘स्वस्तातलं दिलं का’ याचं उत्तर: टेनेक्टेप्लेज सरस आहे यात शंका नाही. पण सकाळी सात चाळीसला हातात असलेलं स्ट्रेप्टो हे अकरा वाजता मिळणाऱ्या टेनेक्टेप्लेजपेक्षा मला केव्हाही चालेल. तुमच्या वडिलांच्या बाबतीत कोणतं दिलं ते रेफर चिठ्ठीवर लिहिलेलं असेल. ‘१.५ एमयू’ (म्हणजे १५ लाख युनिट) असं दिसलं तर स्ट्रेप्टो, ‘३५ एमजी’, ‘४० एमजी’ असं दिसलं तर टेनेक्टेप्लेज.

मग प्लास्टी का? कारण इंजेक्शन गुठळी काढतं, तडा गेलेला चरबीचा थर तिथेच राहतो. त्यावर पुन्हा गुठळी बसू शकते. शिवाय जाळं विरघळताना त्यात अडकलेलं थ्रॉम्बिन, म्हणजे रक्त गोठवणारा पदार्थ, मोकळं होतं आणि प्लेटलेट आणखी चिकट होतात. म्हणून इंजेक्शनसोबत अॅस्पिरीन चावायला देतात, प्लेटलेट चिकटू न देणाऱ्या क्लोपिडोग्रेलच्या ७५च्या चार गोळ्या देतात (पंच्याहत्तरीपुढच्यांना एकच), आणि एनोक्सापॅरिन हे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन सुरू करतात. एवढं करूनही सगळ्यांची शीर उघडत नाही. त्यामुळे इंजेक्शननंतर ६० ते ९० मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढायचा. अटॅकमुळे त्यात वर उचललेली रेघ निम्म्याहून जास्त खाली बसली, कळ गेली, तर शीर उघडली असं धरतो. नाही बसली तर पेशंट कुठेही असो, तडक कॅथलॅब. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत तासाभरात अँजिओप्लास्टी मिळू शकत नव्हती अशा लोकांना आधी टेनेक्टेप्लेज दिलं, तेव्हा तिघांतल्या एकाहून थोड्या जास्त जणांना अशी तातडीची प्लास्टी लागली. बाकीच्यांची अँजिओग्राफी सवडीने झाली. महिन्याअखेर हा गट आणि थेट अँजिओप्लास्टीचा गट, दोन्हींचा हिशोब जवळपास सारखाच निघाला.

म्हणूनच इंजेक्शन देऊन पेशंटला तिथेच ‘उद्या बघू’ म्हणून ठेवणं मला पटत नाही. वडिलांना तसं ठेवलं नाही, सुई काढून गाडीत घातलं, हे त्या तरुण मेडिकल ऑफिसरने अगदी बरोबर केलं. मामा त्याच्यावर चिडलेत. त्याला फोन करून वडील बरे आहेत एवढं तरी कळवा.

‘मग नाशिकला पोचल्यावर लगेच का नाही केली, दुसऱ्या दिवसापर्यंत का थांबवलं?’ हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मामा विचारतील. पूर्ण डोस देऊन लगोलग प्लास्टी करून पाहिली होती. २००६ साली प्रसिद्ध झालेली तशी एक चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली होती, कारण आधी इंजेक्शन मिळालेल्यांत मृत्यू जास्त व्हायला लागले. प्लेटलेट खवळलेल्या असताना आत तार-फुगा घालणं अंगाशी येतं. त्यामुळे शीर उघडली असेल तर दोन तासांनंतर आणि २४ तासांच्या आत अँजिओग्राफी, ही आताची पद्धत. वडिलांचं साधारण याच मुदतीत झालं.

हिरड्यांतून रक्त: हे चालतं. सुईच्या जागी निळं पडणं, दात घासताना रक्त, हे या औषधासोबत येतंच. आम्ही घाबरतो ते डोक्याला. शंभरात एकाच्या आसपास मेंदूत रक्तस्राव होतो. वय जास्त, वजन कमी, बीपी चढलेलं, अशांत धोका अधिक. इंजेक्शननंतर अचानक डोकं फुटेल इतकं दुखणं, उलटी, बोबडं बोलणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यातलं काही दिसलं तर सिस्टरला हाक मारायला एक मिनिटही थांबायचं नाही. पहिल्या दिवसानंतर हा धोका बराच ओसरतो.

म्हणूनच देण्याआधी प्रश्नांची सरबत्ती असते आणि नातेवाईक वैतागतात. कधी मेंदूत रक्तस्राव झाला होता का, सहा महिन्यांत लकवा मारला का, महिन्याभरात मोठं ऑपरेशन, डोक्याला मार, पोटातून रक्त जाणं झालं का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, बीपी १८०च्या वर अडून बसलंय का. शहाणा डॉक्टर दोन्ही हातांचं बीपी बघतो. छातीतून पाठीत फाडत गेल्यासारखी कळ असेल आणि दोन हातांच्या बीपीत मोठा फरक असेल, तर महाधमनीच फाटलेली असू शकते. तिथे हे इंजेक्शन म्हणजे मरण. सगळ्या अटॅकलाही ते चालत नाही. ईसीजीत रेघ वर उचललेली नसेल, नुसतं ट्रोपोनिन (हृदयाचा स्नायू दुखावला की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं असेल, तर फायदा नाही, नुकसानच आहे. आणि बीपी पार पडून पेशंट गार पडला असेल, तर अंतर कितीही असो, डोळा कॅथलॅबवरच ठेवायचा.

घरी आणून ठेवायचं का, याचं उत्तर आता तुम्हीच देऊ शकाल. ईसीजीशिवाय हे देता येत नाही, आणि मॉनिटर व शॉकचं मशीन जवळ नसताना देऊ नये. शीर उघडते त्या क्षणीच ठोके वेडेवाकडे होतात. बहुतेकदा ते आपोआप सावरतात, कधी सावरत नाहीत.

घरी काय करायचं, तेवढं सांगते, कारण वडिलांचे सगळ्यात महाग दोन तास घरीच गेले. पाच ते सव्वासात. ही तुमचीच गत आहे असं नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या वीस हजारांवर पेशंटांच्या नोंदीत कळ सुरू झाल्यापासून हॉस्पिटलला पोचायचा मध्यम वेळ सहा तास निघाला होता. हॉस्पिटलात पोचल्यावर इंजेक्शन मिळायला लागायची फक्त ५० मिनिटं. म्हणजे सुस्ती दवाखान्यात कमी आणि ओव्याच्या डब्यात जास्त. करपट ढेकर येतेय म्हणून गॅस म्हणायचं आणि अंगावर काढायचं. चाळिशीपुढच्या माणसाला छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटून घाम फुटला आणि वीस मिनिटांत गेलं नाही, तर ईसीजी निघेपर्यंत तो अटॅकच धरा. साखरेच्या पेशंटला आणि बायकांना कळ न येता नुसतंच गळून गेल्यासारखं होतं, दम लागतो, हेही ध्यानात असू द्या.

१०८ला फोन करा. डॉक्टरांशी बोलणं झालं आणि ते म्हणाले तर अॅस्पिरीन चावून घ्या. जिभेखालची सॉर्बिट्रेटची गोळी मात्र कुणीतरी व्हॉट्सअॅपवर सांगितली म्हणून ठेवू नका. काही अटॅकमध्ये तिने बीपी कोसळतं. आणि वाटेतल्या कुठल्याही दवाखान्यात कळ थांबायला कंबरेत इंजेक्शन घेऊ नका. डायक्लोफिनॅकचं ते इंजेक्शन हृदयाला वाईट आहेच. शिवाय तासाभराने गुठळीचं औषध दिलं की सुईच्या जागी आतल्या आत रक्त साचत जातं. कुल्ल्यावर नारळाएवढी काळीनिळी गाठ आणि खाली उतरलेलं हिमोग्लोबिन घेऊन पेशंट आमच्याकडे येतात, मग स्टेंटनंतरच्या गोळ्या द्याव्यात की थांबवाव्यात याची पंचाईत.

आता वडिलांचं. अॅस्पिरीन आणि त्याच्या जोडीची दुसरी गोळी वर्षभर एकही दिवस चुकवायची नाही. दात काढायचा असला तरी परस्पर बंद करायची नाही, आधी आम्हाला विचारायचं. तंबाखू मळणं आजपासून बंद. डिस्चार्ज कार्डावर ‘ईएफ’ म्हणून टक्के लिहिलेले असतील, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, तो बघून ठेवा, आणि साधारण दीड महिन्याने टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, पुन्हा करून घ्या. अटॅकनंतर बधिर झालेला स्नायू तोवर जागा होतो, त्यामुळे किती वाचलं याचा खरा आकडा तेव्हाच्या इकोत मिळेल. येताना सुरगाण्याच्या ईसीजीची पट्टी घेऊन या. त्या कागदावरची शाई उन्हाने उडते, तेव्हा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा.